कृपेत आहोत, मग आत्याचे पैसे?

आदरणीय ताई, प्रभूमध्ये सलाम.

मी श्रीरामपूरकडची, लग्नानंतर पुण्यात आले. एका खासगी हॉस्पिटलमध्ये स्टाफ नर्स आहे. माहेरी दहा आज्ञांची पाटी भिंतीवर होती आणि संडे स्कूलला त्या तोंडपाठ म्हटल्याबद्दल मला बक्षीसही मिळालं होतं. आता माझा धाकटा भाऊ एका नव्या फेलोशिपला, म्हणजे प्रार्थनामंडळीला, जातो. तिथे शिकवतात की आपण मोशेच्या नियमशास्त्राखाली नाही, दहा आज्ञा यहुद्यांसाठी होत्या, ख्रिस्ताने त्या वधस्तंभाला खिळून टाकल्या. भाजीच्या वाहतुकीसाठी छोटा हत्ती घेताना त्याने आमच्या विधवा आत्याकडून ८०,००० रुपये घेतले. आत्याने एफडी मोडून दिले. आता विषय काढला की म्हणतो, “ताई, तू अजून नियमाखाली जगतेस. देव बघून घेईल.” फेलोशिपला दशांश, म्हणजे कमाईचा दहावा हिस्सा, मात्र न चुकता देतो.

दुसरीकडे आई. माझी रविवारी ड्युटी लागते याचा तिला राग आहे. मुलाला डेंग्यू झाला तेव्हा म्हणाली, शब्बाथ, देवाने ठरवलेला विसाव्याचा दिवस, मोडलास त्याची ही शिक्षा.

आणि एक माझं स्वतःचं. नाइट ड्युटीला वॉर्ड भरलेला होता. पहाटे एका आजोबांचं बीपी न मोजताच मी चार्टवर आधीच्या आकड्याजवळचा आकडा लिहून टाकला. आजोबा बरे होऊन घरी गेले, कोणाला काही कळलं नाही. पण प्रभुभोजनाच्या वेळी मला तेच आठवतं. भाऊ म्हणेल, क्षमा झालीय, विसर. आई म्हणेल, याचा हिशेब द्यावा लागेल. ताई, ख्रिस्ती माणसाने दहा आज्ञांचं नेमकं करायचं तरी काय?

– एक बहीण, पुणे

प्रिय बहीण, सलाम.

तुझा शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण बाकीचं सगळं त्यावरच टेकलेलं आहे. बायबलमध्ये निर्गमाचा विसावा अध्याय काढ. आपण संडे स्कूलला पाठांतर सुरू करायचो ते ‘माझ्याखेरीज तुला अन्य देव नसावेत’ इथून. त्याच्या आधी एक वचन आहे, ते मात्र मुलांकडून फारसं म्हणवून घेतलं जात नाही. देव तिथे आधी स्वतःची ओळख सांगतो: मी परमेश्वर तुझा देव, मी तुला मिसर देशातून, दास्यगृहातून बाहेर आणलं. मग आज्ञा येतात. वल्हांडणाच्या कोकराचं रक्त दारांना लागतं बाराव्या अध्यायात, समुद्र दुभंगतो चौदाव्यात, आणि इस्राएल लोक सीनायपाशी पोहोचतात एकोणिसाव्यात, मिसर सोडल्यानंतरच्या तिसऱ्या महिन्यात. गुलाम आधी सुटले, मग त्यांना आज्ञा मिळाल्या. मोशे दोन पाट्या घेऊन फारोच्या विटा पाडणाऱ्या लोकांकडे गेला आणि ‘या पाळून दाखवा, मग सोडवतो’ म्हणाला, असं कुठेही लिहिलेलं नाही.

मला वाटतं, हा क्रम हातातून निसटला की माणूस एकतर तुझ्या आईसारखा धास्तावतो, नाहीतर तुझ्या भावासारखा मोकाट सुटतो. आईच्या मनात सीनाय आधी आहे: नीट वाग, तर देव तुझा. भावाला समुद्र पार झाल्याचा आनंद आहे, पण ज्याने पार केलं तो पुढे काय बोलतोय हे ऐकायची त्याची तयारी नाही. दोघांपाशी खरी गोष्ट अर्धी अर्धी आहे आणि तू त्या दोघांच्या मध्ये सापडली आहेस.

भावाचा मुद्दा आधी सोडवू. तो जे वचन सांगतो ते खरंच आहे, रोमकरांस पत्र ६:१४: तुम्ही नियमशास्त्राधीन नाही, तर कृपेच्या अधीन आहात. त्याला फक्त पुढचं वचन वाचायला सांग. हे पत्र लिहिणाऱ्या प्रेषित पौलाला माहीत होतं की कोणीतरी यातून हाच अर्थ काढणार, म्हणून त्याने लगेच स्वतःच विचारलं, मग आपण पाप करावं काय? आणि स्वतःच उत्तर दिलं, कदापि नाही. त्याच्या तीन अध्याय आधी, ३:३१ मध्ये, तो म्हणतो की विश्वासाने आपण नियमशास्त्र व्यर्थ करत नाही, उलट प्रस्थापित करतो.

वधस्तंभाला खिळल्याचं वचन कलस्सैकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात आहे. तिथे काय खिळलं गेलं? आपल्याविरुद्धचा ऋणलेख. देवापुढे जी आपली थकबाकी होती, जिच्यामुळे आपण दोषी ठरत होतो, ती ख्रिस्ताने स्वतःच्या अंगावर घेतली. देवाचं आपल्यावरचं देणं फिटलं. आत्याचं फिटलेलं नाही. आणि त्याच पत्राचं पान उलटलं की तिसऱ्या अध्यायात पौल त्याच क्षमा झालेल्या लोकांना सांगतो, लोभ सोडा, जारकर्म सोडा, एकमेकांशी खोटं बोलू नका, मुलांनो आईबापांच्या आज्ञेत राहा. यात दहापैकी किती आज्ञा येऊन गेल्या, ते भावानेच मोजावं.

मात्र त्याच्या एका शंकेला मी मान देईन, कारण ती प्रामाणिक असू शकते. मोशेच्या नियमशास्त्रात डुकराचं मांस वर्ज्य आहे, सुंता आहे, बकऱ्या-बैलांची अर्पणं आहेत. ती आपण पाळत नाही. मग चोरी करू नको, हेच तेवढं का पाळायचं? प्रेषितांची कृत्ये १५ मध्ये यरुशलेमेत नेमका हाच वाद झाला आणि यहुदी नसलेल्या विश्वासणाऱ्यांवर सुंतेचं जू लादायचं नाही असं ठरलं. अर्पणं आणि याजकपण ख्रिस्ताकडे बोट दाखवत होती, तो आल्यावर त्यांचं काम झालं. इस्राएल राष्ट्राचे दिवाणी-फौजदारी कायदे त्या राष्ट्राचे होते. पण खून, व्यभिचार, चोरी, खोटी साक्ष यांच्याबद्दल देव जे म्हणतो ते त्याच्या स्वभावातून येतं, आणि त्याचा स्वभाव बदललेला नाही. येशूने डोंगरावरच्या प्रवचनात हे नियम सैल केले नाहीत. रागापर्यंत, नजरेपर्यंत नेऊन ते आणखी खोल केले. ‘रद्द करायला नव्हे, तर पूर्ण करायला आलो’ हे त्याचेच शब्द आहेत.

भावाच्या फेलोशिपमधली शिकवण नवी आहे असंही समजू नकोस. सोळाव्या शतकातला जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथर याचा जवळचा सहकारी योहान आग्रिकोला याने हेच म्हटलं होतं: दहा आज्ञांची जागा कचेरीत, उपदेशाच्या व्यासपीठावर नाही. केवळ विश्वासाने तारण हे ज्याने जन्मभर गर्जून सांगितलं, त्या ल्यूथरनेच १५३७ ते १५४० या काळात विटेनबर्गमध्ये त्याविरुद्ध जाहीर वादविवाद केले. कृपेचं मोल ल्यूथरला कमी कळत होतं, असं कोणी म्हणणार नाही.

आता पैसे. मोशेच्या काळी दुसऱ्याचं काही दाबून ठेवलेल्या माणसाने काय करायचं, हे गणना ५ मध्ये आहे: दोष कबूल करायचा, पूर्ण रक्कम परत करायची आणि वर पाचवा हिस्सा द्यायचा. भाऊ म्हणेल, हा जुना करार झाला. मग लूक १९ मधला जकातदार जक्कय घे. येशू त्याच्या घरी जातो तेव्हा जक्कयने अजून एक पैसाही परत केलेला नसतो. येशू आधी घरात येतो. आणि त्या आनंदात जक्कय उभा राहून म्हणतो, अर्धी मालमत्ता गरिबांना, आणि कोणाचं अन्यायाने घेतलं असेल तर चौपट परत. कोणी मागितलं नव्हतं. कृपा घरात आल्यावर माणसाचा हात खिशाकडे जातो, तो असा.

दशांशाबद्दल मी स्पष्ट बोलते. मार्क ७ मध्ये येशू अशा लोकांना फटकारतो जे आईबापांना द्यायचं ते ‘देवाला अर्पण’ म्हणून बाजूला काढत आणि पाचवी आज्ञा मोडत. विधवा आत्याने मोडलेल्या एफडीचे पैसे अडकून पडले असताना फेलोशिपच्या पेटीत टाकलेले पैसे देवाला गोड वाटत असतील, असं मला वाटत नाही. तुझ्या भावाने आधी आत्याचं द्यावं. त्याच्या पास्टरांना हे पटत नसेल, तर त्यांनी मार्क ७ वर एकदा उपदेश करावा.

त्याच्याशी बोलायला जाशील तेव्हा एकटी जा. मत्तय १८ मध्ये तेच सांगितलंय, आधी दोघांतच. आईला नको, आत्याला तर नकोच. कृपा विरुद्ध नियम असा वाद घालत बसू नकोस, त्यात तो तुझ्याहून तरबेज झाला असेल. कागद पुढे ठेव आणि विचार, महिन्याला किती जमेल? पाच हजार म्हटला तर सोळा महिने. चार म्हटला तर वीस. गाडीचा हप्ता, डिझेल, मंदीचे महिने, सगळं धरून त्यालाच आकडा सांगू दे. पैसे थेट आत्याच्या खात्यावर जाऊ देत, तुझ्या हातून नकोत. आणि त्याने आत्याच्या घरी जाऊन ‘चुकलो’ म्हणावं. पैशांपेक्षा ते त्याला जड जाईल, पण आत्याला त्याचीच जास्त गरज असेल.

आता तुझ्या त्या पहाटेबद्दल. इथे मी थांबून लिहिणार आहे, कारण पत्रातली बाकीची माणसं तू दूर ठेवून बघू शकलीस, पण ही ओळ तू बिचकत लिहिलीस.

नियमशास्त्राद्वारे पापाची ओळख होते, असं पौल रोमकरांस ३:२० मध्ये म्हणतो. तुझ्या बाबतीत ते काम झालेलं आहे. ‘आपल्या शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नको’ ही आज्ञा तुला लहानपणी पाठ होती, पण तिचा शेजारी कोण ते तेव्हा कळलं नव्हतं. तो त्या रात्री कॉटवर झोपलेला होता. चार्ट ही साक्षच आहे. सकाळी राउंडला येणारे डॉक्टर त्या आकड्यावर विसंबून गोळी चालू ठेवणार, बंद करणार किंवा डोस बदलणार. आजोबांना काही झालं नाही ही देवाची दया, तुझ्या आकड्याची नव्हे. हे मी तुला दुखवायला लिहीत नाही. तुझा सद्सद्विवेक जागा आहे आणि तो बरोबर जागी बोट ठेवतोय, एवढंच सांगायचं आहे. ‘विसर’ म्हणणाऱ्याचं ऐकू नकोस.

पण नुसतं बोट ठेवून नियमशास्त्र बरं करू शकत नाही. ते त्याच्या आवाक्यातलं नाही. इथे वधस्तंभाकडे जायचं, आणि पूर्ण जायचं. ‘ख्रिस्त येशूमध्ये जे आहेत त्यांना दंडाज्ञा नाही’ हे रोमकरांस ८:१ मधलं वाक्य त्या पहाटेच्या चार्टलाही लागू आहे. तुला क्षमा हवी म्हणून आधी शंभर चार्ट अचूक भरून दाखवायचे नाहीत. प्रभुभोजनाला जा. ते मेज दोष नसलेल्यांसाठी मांडलेलं असतं तर तिथे कोणीच बसलं नसतं.

आणि क्षमा मिळाली म्हणूनच सिस्टर इन्चार्जना सांग. घाबरशील, मेमो मिळेल म्हणशील. मिळू शकतो. पण ज्याला देवापुढे दंड उरलेला नाही तो माणसांपुढचा मेमो सोसू शकतो. त्यांना हेही सांग की वॉर्ड भरलेला असताना नाइटला किती जणी होत्या आणि किती पेशंट होते. तू जे केलंस ते तुझंच, त्याला ड्युटी रोस्टरची सबब नको. पण उद्याच्या पहाटे दुसऱ्या कोणा मुलीवर ही वेळ येऊ नये, म्हणून तेही बोलायला हवं. आठव्या आज्ञेबद्दल लिहिताना ल्यूथरच्या १५२९ च्या लहान प्रश्नोत्तरीत (ख्रिस्ती शिकवण प्रश्न-उत्तरांत मांडणारं पुस्तक) चोरी न करणं एवढ्यावर भागत नाही, शेजाऱ्याची मिळकत राखायला आणि वाढवायला मदत करावी असंही म्हटलंय. (ल्यूथरनच्या आणि तुझ्या वसईच्या कॅथलिक मैत्रिणींच्या गणतीत ती सातवी असते, आपल्याकडे आठवी. आज्ञा त्याच, क्रमांक वेगळे, त्यावरून गोंधळू नकोस.) तसंच खोटी साक्ष न देणं म्हणजे खरं बोलायला जागा मिळेल असा वॉर्ड असावा म्हणून धडपडणंही आलंच. पुन्हा कधी बीपी घ्यायचं राहिलं, तर ‘घेतलं नाही’ असंच लिही. ते लाजिरवाणं दिसेल, पण खरं असेल.

तू विचारशील, यातून मी पुन्हा नियमाखालीच आले की नाही? जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या १५६३ सालच्या प्रश्नोत्तरीचे तीन भाग आहेत. पहिला माणसाच्या दुर्दशेचा, दुसरा सुटकेचा, तिसरा कृतज्ञतेचा. दहा आज्ञांचं सविस्तर विवेचन त्यांनी तिसऱ्या भागात घातलंय. मला ती रचना फार भावते. आणि तीच प्रश्नोत्तरी पुढे सरळ कबूल करते की अत्यंत पवित्र माणसालाही या जन्मात या आज्ञाधारकपणाची केवळ लहानशी सुरुवात साधते. म्हणून पुढच्या चुकीनंतर ‘माझं तारण गेलं का’ असं मोजत बसू नकोस. यिर्मया ३१ मध्ये देवाने वचन दिलंय की तो आपलं नियमशास्त्र लोकांच्या हृदयावर लिहील. भिंतीवरच्या पाटीवरून ते आत उतरायला वेळ लागतो, आणि ते काम पवित्र आत्म्याचं आहे.

पंडिता रमाबाईंचं उदाहरण इथे आठवतं. व्रतं, उपवास आणि तीर्थयात्रा यांत त्यांचं सगळं बालपण गेलं, १८७४ मध्ये दुष्काळात आईवडील गेले. १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेजला त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तरी पुढे काही वर्षांनी त्यांनी सांगितलं की मला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. तो मिळाल्यावर त्या हातावर हात ठेवून बसल्या का? १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात फिरून शेकडो मुली-बायकांना त्यांनी केडगावला आणलं, खाऊ घातलं, शिकवलं. आज्ञापालनाचं बळ त्यांना कुठून आलं हे तुझ्या भावालाही वाचायला दे आणि आईलाही.

राहिली आई. मुलाच्या डेंग्यूबद्दल ती जे म्हणाली ते चूक आहे, आणि हे मी आडपडदा न ठेवता लिहिते. जन्मांध माणसाबद्दल शिष्यांनी विचारलं, कोणाच्या पापामुळे हा असा जन्मला? येशू म्हणाला, याच्याही नाही, याच्या आईबापांच्याही नाही. योहान ९ आहे ते. डेंग्यू डासाने होतो. त्यासाठी देवाने तुझं ड्युटीचं वेळापत्रक तपासलेलं नाही. आजी घाबरली होती, नातवाचा ताप उतरत नव्हता, आणि घाबरलेलं माणूस कारण शोधतं. ते तिला लागलीच माफ कर. पण पुन्हा तसं म्हणाली तर शांतपणे थांबव, मुलासमोर तर नक्कीच. आईचा मान राख ही पाचवी आज्ञा आहे, आणि मान राखूनही ‘आई, हे खरं नाही’ असं म्हणता येतं.

रविवारच्या ड्युटीबद्दल लूक १३ काढून तिच्याबरोबर वाच. अठरा वर्षं कुबड असलेल्या बाईला येशूने शब्बाथ दिवशीच बरं केलं, आणि सभास्थानाचा अधिकारी चिडला तेव्हा विचारलं, तुम्ही शब्बाथ दिवशी बैल ठाणावरून सोडून पाण्यावर नेत नाही का? आजाऱ्याची सेवा हे शब्बाथ मोडणं नव्हे. पेशंट रविवारी आजारी पडायचा थांबत नाही. शब्बाथाचा दिवस कोणता आणि तो कसा पाळावा यावर विश्वासू ख्रिस्ती लोकांतही मतभेद आहेत, आणि रोमकरांस १४ मध्ये पौलाने दिवसांवरून एकमेकांना दोषी ठरवू नका असं सांगितलंच आहे.

पण आईच्या रागात एक गोष्ट खरी आहे, ती हातची घालवू नकोस. तुला विसावा कधी मिळतो? पत्रात नाइट आहे, रविवार आहे, मूल आहे, भावाची आणि आत्याची काळजी आहे. सुटीचा दिवस एकदाही आलेला नाही. रविवारी ड्युटी असेल त्या आठवड्यात दुसरा एखादा दिवस ठरव आणि तो खरोखर मोकळा ठेव. घरात कुटुंबप्रार्थना होऊ दे, आईला फोन कर, दुपारी झोप. अनुवाद ५ मध्ये चौथी आज्ञा सांगताना देव म्हणतो की तुझ्या दासाला आणि दासीलाही तुझ्यासारखाच विसावा मिळू दे, कारण तूही मिसरात दास होतास. तुझ्याकडे धुण्याभांड्याला कोणी येत असेल तर तिला आठवड्याची सुटी दे, पैसे न कापता.

आत्याच्या पैशांचं काय ठरलं ते कळव. भाऊ एका बैठकीत ऐकेल असं नाही. पहिल्यांदा चिडला तर परत ये, पुढच्या पायरीला कोणाला सोबत न्यायचं ते मग बोलू.

तुझी,
ताई